जुन्या परदेशी चित्रपटाची नवी प्रत कशी पारखावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ची नवी ब्ल्यू-रे तुम्ही परदेशातून मागवली, वाचनालयाच्या चित्रपट मंडळात ती दाखवण्यापूर्वी घरी लावून पाहिली, आणि इतकी वर्षे जपलेल्या जुन्या डीव्हीडीपेक्षा ती तुम्हाला उणी वाटली. पडद्यावर सतत मुंग्या आल्यासारखे दिसते, मधूनच उभ्या फिकट रेघा सरकतात, चित्र एकंदर काळोखे वाटते, आणि सोबत बसलेल्या मित्रांच्या मते वेष्टनावर ‘रिस्टोर केलेली प्रत’ असे छापून तुमची फसवणूक झाली आहे. हे रिस्टोरेशन, म्हणजे जुन्या फिल्मची दुरुस्ती, खरोखर वाईट आहे का, की दोष टीव्हीचा आहे, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी पारख कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे मुंबईतील एका लॅबमध्ये आधी ग्रेडर, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड-अंधार जुळवणारी, म्हणून आणि नंतर रिस्टोरेशनच्या विभागात काम केले. आता मालवणला राहते आणि इथल्या फिल्म सोसायटीच्या खेळांची तांत्रिक बाजू सांभाळते. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न गुंतले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. चित्रपट दुरुस्त करणाऱ्यांनी काम कसे केले हा पहिला, ते काम डिस्कवर उतरवताना काय झाले हा दुसरा, आणि तुमचा टीव्ही ते कसे दाखवतो आहे हा तिसरा. याशिवाय आणखी एक गोष्ट न सांगता मध्ये आली आहे. तुम्ही जुनी डीव्हीडी मोजपट्टी म्हणून धरली आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. जुनी प्रत डोळ्यांना सवयीची असते म्हणून ती मूळ चित्रपटाच्या जवळची असतेच असे नाही.

तुमची डिस्क तुमच्या टीव्हीवर मी पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय तुम्हालाच करावा लागेल. टीव्हीचा आकार, खोलीतला उजेड, बसण्याचे अंतर आणि ती डिस्क कोणत्या कंपनीने काढली आहे, या सगळ्यांवर बरेच अवलंबून आहे. तरीही तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की कुठून सुरुवात करावी याबद्दल मला शंका नाही.

सुरुवात टीव्हीपासून करा. दुकानातून येणारा जवळजवळ प्रत्येक टीव्ही भडक दिसण्यासाठी लावलेला असतो, कारण दुकानाच्या झगझगीत उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा तो उठून दिसावा लागतो. सेटिंग्जमध्ये जाऊन चित्राचा प्रकार ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ असा निवडा. यातला दुसरा प्रकार टीव्ही आणि चित्रपट उद्योगातील कंपन्यांच्या एका संघटनेने २०१९ मध्ये ठरवून दिला, आणि टीव्हीने स्वतःची कारागिरी चित्रावर करू नये हाच त्याचा उद्देश आहे. त्यानंतर शार्पनेस शून्यावर किंवा अगदी खालच्या आकड्यावर आणा, नॉइज रिडक्शन बंद करा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि रंगछटा ‘वॉर्म’ ठेवा. चित्राच्या कडा कापल्या जात नाहीत ना, हेही पाहून घ्या. ‘राशोमोन’ची चौकट आजच्या रुंद टीव्हीएवढी नाही, म्हणून डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. ते दिसत नसतील तर टीव्ही चित्र ताणतो आहे किंवा वरून-खालून कापतो आहे.

यात शार्पनेसचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ही सोय प्रत्येक बारीक तपशिलाच्या कडेला गडद आणि उजळ रेघ काढते. जुन्या फिल्मवर सर्वांत बारीक तपशील म्हणजे फिल्मचे कणच असतात, त्यामुळे शार्पनेस वाढवलेला टीव्ही त्या कणांनाच धार लावतो आणि शांतपणे हलणारा पोत वळवळू लागतो. तुम्ही म्हणता त्या मुंग्यांपैकी बऱ्याचशा इथेच कमी होतील असा माझा अंदाज आहे. ही पाहणी दिवेलागणीनंतर करा. पडवीतून उजेड येत असताना कृष्णधवल चित्राच्या काळ्या छटा पारखता येत नाहीत.

शार्पनेस उतरवल्यावरही कण दिसतीलच, आणि ते दिसायलाच हवेत. कृष्णधवल फिल्मवर जे चित्र आपण पाहतो ते जिलेटिनच्या थरात अडकलेल्या चांदीच्या सूक्ष्म कणांचे बनलेले असते. जिथे कण दाट आहेत तिथे फिल्म गडद दिसते आणि जिथे विरळ आहेत तिथे उजळ. कणांच्या मागे लपलेले दुसरे, अधिक स्वच्छ चित्र कुठेही नसते, त्यामुळे ते पुसण्याचा प्रत्येक प्रयत्न चेहऱ्याची, कापडाची आणि पानांची बारीक माहितीही पुसतो. आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट देतात, तेव्हा भिंत गुळगुळीत होते पण चिरा दिसेनासा होतो. कण पुसलेल्या चित्रपटाची गत तीच होते.

मग जुन्या डीव्हीडीवर हे कण का दिसत नव्हते? अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चौकटीत, म्हणजे एका स्थिर चित्रात, ७२० × ४८० म्हणजे सुमारे साडेतीन लाख बिंदू असतात, तर ब्ल्यू-रेवर १९२० × १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक. इतक्या कमी बिंदूंत फिल्मचा कण मावतच नाही, आणि जो थोडाफार मावतो तो डिस्कवर जागा वाचवण्यासाठी केलेल्या दाबणीत चिरडला जातो. म्हणजे तुम्हाला आवडलेला तो मऊपणा माहिती कमी असल्यामुळे आलेला होता. त्या काळच्या अनेक डीव्हीडींमध्ये चित्र मुद्दाम उजळही केलेले असे, कारण लहान टीव्हीवर, दिवसा, घरातल्या उजेडात ते दिसावे लागे. नवी प्रत काळोखी वाटण्याचे एक कारण हेही असू शकते.

आता रिस्टोरेशनकडे येऊ. कोणत्याही रिस्टोरेशनबद्दल मत बनवण्यापूर्वी मी एकच गोष्ट आधी विचारते: काम करणाऱ्यांच्या हातात कोणते साहित्य होते? कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ निगेटिव्हवरून मास्टर पॉझिटिव्ह काढतात, त्यावरून डुप्लिकेट निगेटिव्ह आणि त्यावरून चित्रपटगृहात जाणारी प्रिंट. प्रत्येक पायरीला कण थोडे वाढतात, बारीक तपशील थोडे हरवतात आणि काळे-पांढरे अधिक टोकाचे होते. मूळ निगेटिव्ह सुस्थितीत असेल तर आश्चर्य वाटावे असे काम करता येते. प्रिंटच हाती असेल तर त्या प्रिंटवर छापल्या गेलेल्या रेघाही सोबत येतात.

‘राशोमोन’ १९५० चा, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या आणि लवकर कुजणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या काळातला. २००८ मध्ये अमेरिकेतील अकादमी फिल्म अर्काइव्ह, टोकियोचे नॅशनल फिल्म सेंटर आणि कादोकावा पिक्चर्स यांनी मिळून त्याचे रिस्टोरेशन केले, तेव्हा मूळ निगेटिव्ह हाताशी नसल्यामुळे त्यावरून पूर्वी काढलेल्या प्रिंटचा आधार घ्यावा लागला. तुमच्या डिस्कवरच्या फिकट रेघा आणि काळ्या छटांचा गडदपणा यांचा विचार हे लक्षात ठेवूनच करायला हवा. एखादी उभी रेघ चेहऱ्यावरून कित्येक सेकंद सरकत असेल आणि ती पूर्ण काढण्यासाठी गालाचा पोत कल्पनेने रंगवावा लागणार असेल, तर ती फिकट करून तिथेच ठेवणारा तंत्रज्ञ माझ्या दृष्टीने अधिक प्रामाणिक असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९२७ चा जर्मन मूकपट ‘मेट्रोपोलिस’. त्याचा हरवलेला बराच भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरच्या डुप्लिकेट निगेटिव्हवर सापडला. ज्या जुन्या प्रिंटवरून ते निगेटिव्ह काढले होते तिचे सगळे ओरखडे त्यात कायमचे छापले गेले होते आणि चौकटीची कडही कापली गेली होती. २०१० मध्ये जेव्हा ही सुमारे पंचवीस मिनिटे चित्रपटात बसवली, तेव्हा ती इतर भागापेक्षा वेगळी दिसतात हे लपवले नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळले, आणि २०१५ मध्ये जी प्रत लोकांसमोर आली ती जळक्या निगेटिव्हचा वापरता येईल तेवढा भाग आणि इतर ठिकाणच्या प्रती जोडून तयार झाली. अशा कामात प्रत्येक शॉट सारखाच तेजस्वी दिसावा ही अपेक्षा अन्यायाची आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला बुरशीबद्दल वेगळे सांगायला नको. फिल्मच्या जिलेटिनवर ती फार लवकर चढते. दमट गोदामात राहिलेला पत्र्याचा डबा लॅबच्या टेबलावर उघडला की आधी व्हिनेगरचा आंबट वास येतो, कारण ॲसिटेट फिल्मचा पायाच विघटित होऊ लागलेला असतो, आणि रीळ उजेडासमोर धरले की कडेपासून आत सरकलेली, फांद्या फुटलेली बारीक नक्षी दिसते. ती वरची धूळ नसते. बुरशीने जिलेटिनचा थर खाल्लेला असतो आणि त्या जागी चित्रच उरलेले नसते, त्यामुळे धुऊन काही उपयोग होत नाही. ब्रिटिश चित्रपट ‘द रेड शूज’ याच्या निगेटिव्हची अशीच दशा झाली होती. टेक्निकलर या जुन्या रंगीत पद्धतीप्रमाणे, प्रत्येक मूळ रंगासाठी एक अशी, त्याची तीन वेगळी कृष्णधवल निगेटिव्हे होती, तीनही बुरशीने ग्रासलेली आणि कमी-अधिक आक्रसलेली, म्हणजे एकावर एक नीट बसत नव्हती. २००९ ची त्याची प्रत पाहाल तेव्हा तंत्रज्ञांनी काय मिळवले हे कळेल. पण तिथे तीन निगेटिव्हे असल्यामुळे एकीत जे गेले ते कधी कधी दुसरीतून मिळवता आले. एकाच प्रिंटवर काम करणाऱ्याला ती सोय नसते.

साहित्य काय होते हे कळले की मग काम कसे झाले हे पाहायचे, आणि त्यासाठी ‘राशोमोन’सारखा चित्रपट शोधून सापडणार नाही, कारण तो पावसाने सुरू होतो. मोडक्या वेशीवर धो धो पाऊस कोसळतो आहे आणि खाली माणसे आडोशाला बसली आहेत. फिकट आकाशापुढे साधे पाणी कॅमेऱ्यात दिसेना म्हणून कुरोसावांनी त्या पाण्यात काळी शाई मिसळली होती. पावसाची धार दिसावी म्हणून ज्यांनी एवढे केले त्यांच्या चित्रपटातला पाऊस रिस्टोरेशनमध्ये पातळ झाला असेल तर ते काम मी नापास करीन.

पाऊस पातळ कसा होतो ते नीट समजून घ्या. फिल्मवरची धूळ काढणारे सॉफ्टवेअर प्रत्येक चौकट तिच्या आधीच्या आणि नंतरच्या चौकटीशी ताडून पाहते. जो ठिपका किंवा जी लहान रेघ एकाच चौकटीत आहे, आधीही नाही आणि नंतरही नाही, ती मळ समजून तिथे शेजारच्या चौकटीतला तुकडा बसवते. धुळीसाठी ही युक्ती छान चालते, कारण धुळीचा कण खरोखरच एका चौकटीपुरता असतो. पण सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने पाहिले तर पावसाचा थेंबही एका जागी एकाच चौकटीत असतो. सॉफ्टवेअरला पाऊस कळत नाही. ठिणग्या, उडणारी राख, पाण्यावरची चमक, लढाईत उडणारी माती, या सगळ्यांना तोच धोका असतो. आमच्या विभागात पावसाचा प्रत्येक प्रसंग आधीच खूण करून वेगळा काढत आणि त्यावर स्वयंचलित सफाई चालवत नसत. तिथला मळ माणूस बसून, चौकट चौकट पाहून, हाताने काढत असे. हे काम अतिशय वेळखाऊ आहे, आणि नेमके त्यामुळेच पैशाची किंवा मुदतीची ओढ असलेल्या ठिकाणी ते टाळले जाते.

म्हणून वेशीचा प्रसंग लावा आणि आधी नेहमीच्या वेगाने पाहा. सरी वरून खालपर्यंत अखंड येतात का, की मध्येच तुटून पुन्हा सुरू होतात? छपराच्या कडेच्या पागोळ्या सलग आहेत का? पागोळीचे पाणी खाली आपटते तिथे उडणारे शिंतोडे दिसतात का, की पाणी आपटूनही जमीन शांत दिसते? मग प्लेअर थांबवून एकेक चौकट पुढे सरका. थेंबाची अर्धी रेघ आहे आणि अर्धी सपाट करड्या रंगात विरली आहे, असे वारंवार दिसले तर तिथे सॉफ्टवेअर मोकळे सोडले होते असे खुशाल समजा. चार महिने पागोळ्या पाहणाऱ्या आपल्या माणसाला यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही. पाऊस खरा पडतो आहे की नाही हे त्याला लगेच कळते.

दुसरी जागा म्हणजे जंगल. छायाचित्रकार काझुओ मियागावा यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून पानांच्या सावल्या माणसांवर पाडल्या आणि कॅमेरा थेट सूर्याकडे रोखला. चेहऱ्यांवर घाम, ऊन आणि हलत्या पानांची सावली एकाच वेळी आहे. कण पुसण्याचा उद्योग झाला असेल तर तो इथे उघडा पडतो: कातडी मेणासारखी गुळगुळीत होते, चेहरा हलला की गालाचा पोत क्षणभर मागे राहून मग पुढे सरकतो, आणि दाट पालवीचा सपाट लगदा होतो. काही डिस्कवर कण असतात पण ते जागच्या जागी गोठलेले दिसतात. तोही त्याच सफाईचा परिणाम असतो. १९८७ च्या ‘प्रेडेटर’ या हॉलिवूडपटाची २०१० मध्ये आलेली ब्ल्यू-रे अशा मेणचट चेहऱ्यांसाठी जगभर टीकेची धनी झाली. एखाद्या मित्राकडे ती असेल तर मुद्दाम पाहा. वाईट सफाई म्हणजे काय ते एकदा डोळ्यांत बसले की पुन्हा विसरत नाही. याबरोबरच उजळ आकाशापुढच्या फांद्यांभोवती पांढरी किनार आहे का तेही बघा. टीव्हीचा शार्पनेस शून्यावर असूनही ती दिसत असेल तर ती डिस्कमध्येच आहे.

तिसरी पाहणी काळ्या छटांची, आणि इथे सावकाश जावे लागते. नवी प्रत जुन्या डीव्हीडीपेक्षा गडद असणे हा दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा गडद भागात असायला हवी ती माहिती नसते. वेशीखालच्या अंधाऱ्या लाकडांकडे पाहा. तुळया एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येतात का, अंधारात बसलेल्या माणसाच्या कपड्यांच्या चुण्या दिसतात का? दिसत असतील तर चित्र गडद आहे पण शाबूत आहे. सगळे एकाच काळ्या डागात बुडाले असेल तर एक तर मूळ प्रिंटमध्येच ते तसे आहे किंवा ग्रेडरने हात जड ठेवला. जंगलातल्या उन्हाच्या कवडशांतही थोडा करडा उरलेला असावा, सगळे कवडसे कोरे पांढरे नसावेत.

दाबणीचे दोष ओळखणे त्या मानाने सोपे आहे. धुके, धूर, आकाश आणि मुसळधार पाऊस या जागी चौकोनी ठोकळे किंवा पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसले तर तो डिस्क तयार करणाऱ्याचा दोष असतो, रिस्टोरेशनचा नसतो. तोच चित्रपट ऑनलाइन पाहिला तर हे ठोकळे अधिक दिसतील, कारण कणांनी भरलेले चित्र पाठवायला फार माहिती लागते आणि तिथे ती काटकसरीने दिली जाते. त्यामुळे ऑनलाइन पाहून रिस्टोरेशनवर मत देऊ नये.

आवाजाबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, तरी दोन शब्द सांगते. १९५० च्या ऑप्टिकल, म्हणजे फिल्मच्या कडेला चित्रासारख्या छापलेल्या, ध्वनिपट्टीत थोडी खरखर असतेच. ती पूर्ण नाहीशी झाली असेल आणि संवाद पाण्याखालून आल्यासारखे वाटत असतील तर सफाई अति झाली आहे. फुमिओ हायासाका यांच्या संगीतात बोलेरो या स्पॅनिश नृत्यप्रकाराची जी संथ चढती लय आहे, तिच्यातली तालवाद्ये कोरडी आणि स्पष्ट ऐकू यायला हवीत. तुमची जुनी डीव्हीडी युरोपीय पॅल पद्धतीची असेल तर ती सेकंदाला २५ चौकटींनी धावते. तसे असेल तर ८८ मिनिटांचा हा चित्रपट तिच्यावर साधारण साडेचौऱ्याऐंशी मिनिटांत संपेल आणि सगळ्यांचे आवाज किंचित वरच्या पट्टीत असतील. नवी प्रत संथ वाटली असेल तर हेही तपासा.

पुढच्या खरेदीत रंगीत चित्रपट येतील, आणि तिथे पारख खरोखर अवघड होते. १९५० नंतरच्या ईस्टमनकलर पद्धतीच्या फिल्मचे रंग असमान वेगाने उडतात. जुन्या प्रिंटा गुलाबी-लाल झालेल्या दिसतात त्या यामुळेच. त्यामुळे मूळ रंग कोणते होते हे सांगणारा भरवशाचा साक्षीदार अनेकदा उरत नाही. दिग्दर्शकाची संमती असली म्हणजे प्रश्न मिटला असे मला वाटत नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या २००९ च्या ब्ल्यू-रेमध्ये दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी रंग स्वतःच्या आवडीने बदलले, छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी त्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली, आणि २०१२ मध्ये वेगळ्या रंगांची प्रत काढावी लागली. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाई यांनी आपल्या ‘फॉलन एंजल्स’च्या नव्या प्रतीत चौकटीचा आकारच अधिक रुंद केला. कलावंताला आपली कृती बदलण्याचा हक्क आहे हे मला मान्य आहे, पण त्या बदललेल्या प्रतीला मूळ चित्रपटाचे रिस्टोरेशन म्हणू नये, आणि जुनी प्रतही मिळत राहावी, असा माझा आग्रह आहे.

4के डिस्कबद्दलही, म्हणजे ब्ल्यू-रेच्या चौपट बिंदू असलेल्या डिस्कबद्दलही, विचार करून पैसे घाला. मूळ निगेटिव्हवरून केलेल्या कामात 4के चा लाभ दिसतो. प्रिंटवरून केलेल्या कामात तो फार थोडा असतो. शिवाय त्यांवरच्या एचडीआर या उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या सोयीमुळे उजळ भाग डोळे दिपवण्याइतके तेजस्वी करता येतात. चित्रपटगृहातील पडद्याच्या उजेडाचे प्रमाण साधारण ४८ निट्स (निट हे उजेडाचे माप) असते, तेव्हा दिवा किंवा आकाश टीव्हीवर त्याच्या कितीतरी पटींनी चमकत असेल तर तो परिणाम जुन्या प्रेक्षकांनी कधीच पाहिलेला नाही. मागवण्यापूर्वी डिस्कचा विभागही पाहून घ्या. ब्ल्यू-रेच्या वाटणीत भारत ‘सी’ विभागात, अमेरिका आणि जपान ‘ए’मध्ये आणि युरोप ‘बी’मध्ये येतो, त्यामुळे परदेशी डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असे नाही. 4के डिस्कला मात्र अशी वाटणी नाही. वेष्टनावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत काम कोणत्या साहित्यावरून केले, कोणत्या संग्रहालयाने केले आणि रंग कोणी मंजूर केले हे लिहिलेले असेल तर मी ती प्रत आधी विचारात घेते. केवळ ‘डिजिटल रीमास्टर’ एवढाच शब्द असेल तर त्यातून काहीही कळत नाही.

तुमच्या डिस्कपुरते माझे मत असे आहे: कण, फिकट रेघा आणि गडद छटा या तीनही गोष्टी प्रिंटवरून प्रामाणिकपणे केलेल्या कामाशी जुळतात, आणि फसवणूक झाली असे मानायला तुमच्या वर्णनात मला काहीही आढळत नाही. पाऊस तुटलेला किंवा चेहरे मेणचट निघाले तरच मी हे मत बदलीन.

वाचनालयात दाखवायची तीच प्रत निवडा, पण दोन गोष्टी आधी करा. घरी पाहण्यासाठी घेतलेली डिस्क सार्वजनिक खेळासाठी वापरता येत नाही, मग तिकीट असो वा नसो. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. फिल्म सोसायट्यांच्या महासंघाकडे आणि जपान फाउंडेशनसारख्या सांस्कृतिक संस्थेकडे चौकशी केलीत तर योग्य मार्ग कळेल. आणि प्रोजेक्टरवर हीच सगळी सेटिंग्ज पुन्हा तपासा, कारण मोठ्या पडद्यावर शार्पनेसचा त्रास कैक पटींनी वाढतो. चुना दिलेल्या भिंतीवर दाखवणार असाल तर भिंतीचा खडबडीत पोत चित्राच्या कणांत मिसळेल, म्हणून साधा का होईना पण सपाट पांढरा पडदा बांधा. खेळाआधी प्रेक्षकांना चित्रपट कोणत्या प्रतीवरून आला आहे हे दोन मिनिटांत सांगितलेत तर रेघांची तक्रार कोणी करणार नाही, असा इथल्या प्रेक्षकांबाबतचा माझा अनुभव आहे.

डिस्क उभ्या, बंद कपाटात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. डिस्कवर डाग दिसलाच तर मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका.

सेटिंग्ज बदलून वेशीचा प्रसंग पाहिल्यानंतरही पाऊस तुटताना दिसला तर डिस्क कोणत्या कंपनीची आहे आणि कोणत्या मिनिटाला तसे दिसते, एवढे मला कळवा. टीव्हीचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू नका, त्यात कॅमेऱ्याचेच दोष मिसळतात. मिनिट कळले की मी माझ्याकडच्या प्रतीशी ताडून पाहीन आणि डिस्क परत करण्यासारखी आहे का ते सांगेन.